एकच कायदा, दोन उलट फतवे

एप्रिल १९२०. इस्तंबूल दोस्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यात होतं. सुलतान, जो खलिफाही होता, राजवाड्यात बसून होता आणि तिकडे अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या आशियाई भागात, मुस्तफा केमाल (पुढचे अतातुर्क) यांच्या मागे सशस्त्र चळवळ उभी राहत होती. अशा वेळी उस्मानी साम्राज्याचे सर्वोच्च धर्मशास्त्री, शेखुल इस्लाम दुर्रीझादे अब्दुल्ला यांनी फतवा दिला: हे लोक खलिफाविरुद्ध उठलेले बंडखोर आहेत, त्यांना ठार मारणं धर्माला मंजूर आहे. थोड्याच दिवसांत अंकाराचे मुफ्ती रिफत एफेंदी यांचा उलट फतवा आला. त्याला अनातोलियातल्या दीडशेच्या आसपास मुफ्तींनी दुजोरा दिला होता. त्यांचं म्हणणं असं की खलिफा शत्रूच्या कैदेत आहे. शत्रूच्या दबावाखाली निघालेला फतवा कुणावर बंधनकारक नाही. उलट खलिफाला सोडवणं हेच मुसलमानांचं कर्तव्य आहे.

दोघेही सुन्नी, दोघेही हनफी परंपरेतले. दोघांनी अभ्यासलेले ग्रंथ तेच, फतवा लिहिण्याची रीत तीच. मग निकाल उलटे कसे?

याची दोन झटपट उत्तरं नेहमी ऐकू येतात. पहिलं, धर्मग्रंथातून काय वाटेल ते काढता येतं. दुसरं, मौलवी विकला गेला होता. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण नेमकं काय घडतं ते या उत्तरांतून कळत नाही. ते कळायचं तर आधी कायद्याची घडण बघावी लागेल.

सुरुवात शब्दांपासून करू, कारण मराठीनं इथे आपली थोडी फसगत केली आहे. आपण 'साहेबांनी फतवा काढला' म्हणतो तेव्हा आपल्याला हुकूम म्हणायचं असतं. मुळात फतवा हा हुकूम नव्हे. कुणीतरी प्रश्न विचारतो, जाणकार आपलं मत देतो, ते मत म्हणजे फतवा आणि मत देणारा तो मुफ्ती. निकाल देतो तो काझी, आणि त्याची अंमलबजावणी राज्यसत्ता करते. मुफ्तीचं मत पटलं नाही तर दुसऱ्या मुफ्तीकडे जायची मुभा असते. म्हणजे राजकीय फतव्याची ताकद असते ती देणाऱ्याच्या नावाच्या वजनात आणि ऐकणाऱ्यांच्या विश्वासात. मागे तलवार असलीच तर ती दुसऱ्या कुणाची तरी असते.

शरीयत आणि फिक्ह या शब्दांचंही तसंच. शरीयत म्हणजे ईश्वराने आखलेला मार्ग, श्रद्धावंतांच्या लेखी परिपूर्ण. फिक्ह म्हणजे तो मार्ग समजून घेण्याचा माणसाचा प्रयत्न. माणसाचा प्रयत्न म्हटला की चूक आली, मतभेद आले. म्हणूनच सुन्नी परंपरेत हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली असे चार पंथ एकमेकांना मान्यता देत शतकानुशतकं नांदले. म्हणूनच फतव्याच्या शेवटी 'वल्लाहु आलम' लिहायची प्रथा पडली. अर्थ एवढाच की खरं काय ते अल्लाहच जाणे. उलेमांचं, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रींचं, राजकारण समजून घेताना हे दोन शब्द विसरू नयेत. अर्थात काही उलेमाही ते विसरतात.

हा कायदा म्हणजे नुसती 'करा' आणि 'करू नका' यांची यादी नाही. त्यात कृतीचे पाच दर्जे आहेत: बंधनकारक, स्तुत्य, मोकळी, नापसंत आणि निषिद्ध. म्हणजे कायद्याच्या पोटातच नीतिशास्त्र आहे. एखादी गोष्ट गुन्हा नसेल, तरी न केलेली बरी असू शकते. या पाच दर्जांच्या वर आणखी एक विचार आहे. अकराव्या-बाराव्या शतकातले इमाम गझाली म्हणतात की कायद्याचा हेतू पाच गोष्टींचं रक्षण करणं हा आहे: धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि मालमत्ता. चौदाव्या शतकात अंदालुसियातल्या, म्हणजे मुस्लिम स्पेनमधल्या, ग्रॅनाडाचे शातिबी यांनी हा विचार सविस्तर मांडला. या पाच गोष्टी जपते ती मसलहत, म्हणजे हित. आपण 'मसलत' म्हणतो ती याच शब्दाची चुलत बहीण.

इथून राजकारणाची वाट सुरू होते. हित मोजायचं म्हटलं की तराजू हवा. फिक्हमध्ये असे तराजू तयार आहेत आणि ते सूत्रांसारखे पाठ असतात. गरज पडली तर निषिद्धही चालतं. नुकसान करू नये आणि नुकसानाची परतफेड नुकसानाने करू नये. दोन नुकसानांपैकी एक अटळ असेल तर लहान पत्करावं. वाईटाकडे नेणारी वाट आधीच बंद करावी, मग ती वाट स्वतः निर्दोष का असेना.

राज्यकर्त्यांशी कसं वागायचं याबद्दलही असंच. कुराणाच्या चौथ्या अध्यायातली ५९ वी आयत सांगते की अल्लाहचं ऐका, प्रेषिताचं ऐका आणि तुमच्यातल्या अधिकाऱ्यांचं ऐका. दुसरीकडे प्रसिद्ध हदीस, म्हणजे प्रेषितांचं परंपरेने आलेलं वचन, आहे की निर्मात्याची आज्ञा मोडून कोणत्याही माणसाची आज्ञा पाळायची नाही. आणखी एक हदीस जुलमी राजासमोर खरं बोलणं हा सर्वश्रेष्ठ जिहाद मानते. चांगल्याची आज्ञा द्यावी, वाईटाला रोखावं हे कर्तव्यही आहेच: हाताने, ते जमत नसेल तर जिभेने, तेही जमत नसेल तर मनातल्या मनात. मात्र शास्त्री लगेच अट घालतात. रोखण्यातून त्याहून मोठं वाईट निपजणार असेल तर रोखू नये.

ही अट अशीच आलेली नाही. पहिल्या शतकातच मुसलमानांनी आपसात भीषण यादवी पाहिली होती. त्या यादवीला शब्द आहे फितना. सुन्नी शास्त्रींच्या मनात फितन्याची भीती इतकी खोल बसली की अराजकाच्या एका रात्रीपेक्षा जुलमी राजाची साठ वर्षं बरी, हे वचन इब्न तैमिया यांनीही उद्धृत केलं. हे इब्न तैमिया काही दरबारी गृहस्थ नव्हते. सत्तेने त्यांना वारंवार तुरुंगात टाकलं आणि १३२८ मध्ये दमास्कसच्या किल्ल्यात, कैदेतच त्यांचा अंत झाला.

याहून बोलकं उदाहरण इमाम अहमद इब्न हंबल यांचं. ८३३ साली खलिफा मामून याने उलेमांची तपासणी सुरू केली. कुराण निर्माण केलेलं आहे, अनादी नाही, हे मत सगळ्यांनी मान्य करावं असा त्याचा आग्रह होता. बहुतेकांनी मान तुकवली. अहमद यांनी नकार दिला, तुरुंग पत्करला आणि पुढच्या खलिफाच्या कारकिर्दीत फटकेही खाल्ले. पण नंतर बगदादमधले काही लोक त्यांच्याकडे उठावासाठी पाठिंबा मागायला आले, तेव्हा तिथेही त्यांनी नकारच दिला. रक्त सांडेल, धीर धरा, असं त्यांचं उत्तर होतं. ज्या सत्तेने पाठ सोलून काढली, तिच्याविरुद्ध बंड मात्र करायचं नाही. विकला गेलेला की बंडखोर, या दोन खान्यांत हा माणूस बसत नाही. त्यांच्या हिशेबात श्रद्धेवरची तडजोड मोठं नुकसान होती, स्वतःची पाठ लहान आणि यादवी सगळ्यांत मोठं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सगळ्यांचे तराजू तेच असतील तर निकाल वेगळे का येतात?

या मुद्द्याला फिक्हमध्ये नाव आहे: तहकीक अल-मनात. शब्द जड आहे, कल्पना साधी. नियम ज्या कारणावर टेकलेला आहे ते कारण समोरच्या प्रकरणात खरोखर हजर आहे का, हे तपासणं. नशा आणणारं पेय निषिद्ध, हा नियम झाला. समोरच्या पेल्यातल्या पेयाने नशा येते का, हा वेगळा प्रश्न, आणि तो कोणत्याही पवित्र ग्रंथात सुटत नाही. तो पेयाचा जाणकार सोडवेल. तसंच, 'बंडातून मोठा विध्वंस होणार असेल तर बंड निषिद्ध' या नियमावर मतभेद फार कमी. या देशात, या वर्षी, या माणसांनी केलेल्या उठावातून मोठा विध्वंस होईल का? याचं उत्तर द्यायला सैन्याची ताकद, लोकांचा राग, शेजारी देशांचे डाव, धान्याचे साठे हे सगळं कळावं लागतं. मदरशात हे शिकवत नाहीत.

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. उलेमांचा अधिकार असतो नियमाच्या ज्ञानात आणि भांडणं होतात परिस्थितीच्या अंदाजावर. फतव्यात हे दोन्ही एकाच वाक्यात मिसळून येतं, त्यामुळे अंदाजालाही नियमाचं पावित्र्य चढतं. इस्तंबूलचा फतवा म्हणाला 'बंडखोर', अंकाराचा म्हणाला 'कैदेतल्या खलिफाचे सोडवणारे'. बंडखोरांबद्दलचा नियम दोघांनाही मान्य होता. केमाल बंडखोर आहेत की नाहीत, हा प्रश्न फिक्हचा नव्हताच.

उस्मानी फतव्याच्या रचनेत तर हे उघडच दिसतं. प्रश्न काल्पनिक नावाने विचारला जाई. झैदने असं असं केलं, तर अमुक योग्य आहे का? उत्तर एका शब्दात: होय किंवा नाही. सुलतान दुसरा अब्दुल हमीद याला १९०९ मध्ये पदच्युत करणाऱ्या फतव्यातही सुलतानाचं नाव नव्हतं. मुसलमानांचा इमाम असलेल्या झैदने खजिना उधळला, निरपराधांना मारलं, शपथ मोडली, तर त्याला दूर करावं का? असा प्रश्न विचारल्यावर 'नाही' कोण म्हणणार? खरा निर्णय प्रश्न लिहिणाऱ्याने आधीच घेतलेला असतो.

अलीकडच्या काळातलं प्रकरण इजिप्तचं. ३ जुलै २०१३ रोजी लष्करप्रमुख अब्देल फत्ताह अल-सिसी यांनी निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुर्सी यांना हटवल्याची घोषणा दूरचित्रवाणीवर केली. त्या वेळी तिथे अल-अझहर या कैरोतल्या प्रसिद्ध सुन्नी विद्यापीठाचे प्रमुख शेख अहमद अल-तय्यब बसले होते आणि कॉप्टिक ख्रिश्चनांचे पोप तवाद्रोसही. तय्यब यांनी दिलेलं कारण आता आपल्या ओळखीचं आहे: दोन नुकसानांपैकी लहान. रस्त्यावर लाखो लोक समोरासमोर, यादवी टाळायची तर हेच बरं. तिकडे कतारमध्ये राहणारे युसूफ अल-करदावी, तेही अझहरमध्येच शिकलेले, म्हणाले की मुर्सी कायदेशीर शासक आहेत आणि त्यांना पाठिंबा देणं कर्तव्य आहे. एकाने फितन्याचा नियम लावला, दुसऱ्याने शासकाला दिलेल्या वचनाचा.

गंमत पुढे आहे. दोन वर्षं आधी, २०११ मध्ये, मुबारक राष्ट्राध्यक्ष असताना लोक रस्त्यावर आले, तेव्हा हेच करदावी उठावाच्या बाजूला होते आणि अझहरचे अधिकृत उलेमा सावध. त्याच वर्षी बहरीनमध्ये लोक उठले तेव्हा करदावींनी तो उठाव सांप्रदायिक ठरवला. आंदोलक बहुतांशी शिया होते आणि राजघराणं सुन्नी. नियम तेच, प्रत्येक वेळी जगाचं वाचन वेगळं. ते वाचन आपल्या गोटाच्या बाजूने झुकतं, हे मुद्दाम सांगायला नको.

१४ ऑगस्ट २०१३ रोजी कैरोतल्या राबा चौकातलं मुर्सी समर्थकांचं ठिय्या आंदोलन सुरक्षा दलांनी मोडून काढलं. ह्यूमन राइट्स वॉचच्या मोजणीनुसार किमान ८१७ माणसं मारली गेली. तय्यब यांनी तेव्हा जाहीर केलं की कारवाईची पद्धत आपल्याला माध्यमांतूनच कळली. लहान म्हणून पत्करलेलं नुकसान सहा आठवड्यांत केवढं झालं होतं! मोजणाऱ्याच्या हातात तराजू असतो, पुढच्या घटना नसतात.

मग पैशाचं काय? ते तर बघावंच लागेल. सत्तेपासून दूर राहणं ही इस्लामी विद्वत्तेतली जुनी प्रतिष्ठा आहे. इमाम अबू हनीफा यांना खलिफा मन्सूरने काझीपद देऊ केलं, त्याची गोष्ट परंपरा आवडीने सांगते. 'मी या पदाला लायक नाही,' ते म्हणाले. खलिफा म्हणाला, 'खोटं बोलतोस.' अबू हनीफा म्हणाले, 'मग झालंच तर, खोटारड्याला काझी कसं करणार?' ७६७ मध्ये ते वारले, परंपरेनुसार मन्सूरच्याच कैदेत. पण त्यांचाच शिष्य अबू युसूफ पुढे हारून अल-रशीदचा मुख्य काझी झाला, आणि हनफी पंथ साम्राज्यभर पसरला त्याचं एक मोठं कारण ते पद होतं. गुरूची कीर्ती नकारामुळे आणि शिकवणीचा प्रसार शिष्याच्या होकारामुळे.

गझालींनी बगदादच्या निझामिया मदरशातली मानाची जागा १०९५ मध्ये सोडली. हेब्रॉनला इब्राहिमच्या कबरीपाशी त्यांनी शपथ घेतली की राजाच्या दारी जाणार नाही आणि राजाचा पैसा घेणार नाही. अकरा वर्षांनी, सल्जुक वझिराच्या आग्रहावरून, ते निशापूरच्या निझामियात पुन्हा शिकवायला बसले. समाज बिघडलाय, आता गप्प बसणं बरं नाही, हे त्यांचं कारण. पुन्हा तोच तराजू, या वेळी स्वतःच्या शपथेसाठी.

सत्तेला तोंडावर सुनावणारेही होतेच. तेराव्या शतकातले इझ्झुद्दीन इब्न अब्दुस्सलाम कैरोत काझी होते. राज्यातले काही मोठे अमीर, म्हणजे लष्करी सरदार, मुळात सरकारी खजिन्यातून विकत घेतलेले गुलाम आहेत आणि त्यांना कुणी रीतसर मुक्त केलेलंच नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे कायद्याने त्यांचे खरेदी-विक्रीचे व्यवहारही रद्दबातल! सुलतानाने दुर्लक्ष केलं तेव्हा ते सामान गाढवावर लादून शहर सोडून निघाले आणि लोक त्यांच्या मागे निघाले. सुलतानाला त्यांची मनधरणी करावी लागली, आणि इतिहासकार सांगतात की त्या अमिरांचा खरोखर लिलाव करून, पैसे खजिन्यात भरून, मगच त्यांना मुक्त केलं गेलं. पुढे १२६० मध्ये मंगोलांविरुद्धच्या लढाईसाठी जादा कर बसवायची वेळ आली. इझ्झुद्दीन म्हणाले, बसवा, पण आधी खजिना रिकामा होऊ दे आणि अमिरांचे सोन्याचे पट्टे विकले जाऊ देत, मग सामान्य माणसाकडे हात पसरा. 'गरज पडली तर चालतं' हा नियम त्यांनीही वापरला, पण गरजेचा पुरावा राजाकडे मागितला. राजकीय फतवा वाचताना मी हेच शोधतो. तडजोडीचं ओझं आधी कुणावर टाकलंय?

अशा ताठपणाला जमिनीचा आधार होता, अगदी शब्दशः. मदरसे आणि शिक्षकांचे पगार वक्फच्या, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमच्या दान दिलेल्या मालमत्तेच्या, उत्पन्नातून चालत. वक्फ मोडणं राजालाही सोपं नव्हतं. मोठे वक्फ करणारे बहुधा राजे आणि वझीरच असत, ही त्यातली मेख. तरी एकदा दिलेलं दान हळूहळू त्यांच्या हातातून सुटत जाई. एकोणिसाव्या शतकात हे बदललं. उस्मानी साम्राज्याने १८२६ मध्ये वक्फसाठी सरकारी खातं काढलं. इजिप्तमध्ये नासर यांच्या राजवटीत १९५० च्या दशकात वक्फ सरकारच्या ताब्यात गेले, शरीयत न्यायालयं बंद झाली आणि १९६१ च्या कायद्याने अल-अझहर राज्यसत्तेच्या चौकटीत आलं. प्रमुखाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करू लागले. अझहरच्या फतवा समितीने १९५६ मध्ये इस्रायलशी शांतता करार निषिद्ध ठरवला होता. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी करार केला तेव्हा अझहरने प्रेषितांनी मक्केतल्या विरोधकांशी केलेल्या हुदैबियाच्या तहाचा दाखला देऊन तो योग्य ठरवला.

सौदी अरेबियातलं उदाहरण याहून उघडं. १९९० मध्ये काही स्त्रियांनी रियाधमध्ये मोटारी चालवल्या, त्यानंतर स्त्रियांनी गाडी चालवू नये असा फतवा निघाला. आधार होता 'वाईटाकडे नेणारी वाट बंद करणे'. गाडी चालवणं वाईट नाही, पण त्यातून पुढे वाईट घडेल. सप्टेंबर २०१७ मध्ये राजाने परवानगी दिली आणि त्याच हुकुमात नमूद झालं की ज्येष्ठ उलेमांच्या मंडळातल्या बहुसंख्यांना यात अडचण दिसत नाही. वाट तीच, रस्ते तेच.

तेव्हा उलेमा पगाराचे गुलाम, असा निष्कर्ष काढायचा? थांबा. २०१७ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष सिसी यांनी सुचवलं की तोंडी तलाक मानू नये, नोंद केलेलाच मानावा. दोन आठवड्यांच्या आत अझहरच्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने एकमताने नकार दिला: अटी पूर्ण करून दिलेला तोंडी तलाक वैध आहे, आणि नोंदणी न करणाऱ्याला सरकारने हवी ती शिक्षा करावी. प्रमुख तेच तय्यब. लष्कराच्या घोषणेच्या वेळी शेजारी बसलेला माणूस विवाहाच्या कायद्यावर तसूभर हलला नाही. मला यात विसंगती दिसत नाही. सत्तांतर हा परिस्थितीच्या अंदाजाचा प्रांत, तिथे वाकता येतं. तलाकचा नियम हा त्यांच्या स्वतःच्या ज्ञानाचा प्रांत. तिथे वाकलं तर मग उलेमा कशासाठी हवेत? (यात इजिप्तमधल्या बायकांचं नुकसान कुणी तोललं, हा प्रश्न उरतोच.)

शिया परंपरेत पैशाचं गणित वेगळं आहे. श्रद्धाळू खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नातला खुम्स, म्हणजे पाचवा हिस्सा, धर्मगुरूंच्या हाती देतात, त्यामुळे मोठा मुज्तहिद, म्हणजे स्वतः निर्णय काढण्याचा अधिकार असलेला धर्मशास्त्री, सरकारवर अवलंबून नसतो. १८९० मध्ये इराणच्या शहाने तंबाखूच्या व्यापाराचा मक्ता एका इंग्रजाला दिला. पुढच्या वर्षी इराकमधल्या सामर्रा इथल्या मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने फतवा आला की तंबाखू ओढणं म्हणजे इमामाशी, शियांच्या अदृश्य बाराव्या इमामाशी, युद्ध. देशभर हुक्के विझले, शहाच्या जनानखान्यातलेही विझले असं सांगतात. १८९२ च्या सुरुवातीला मक्ता रद्द झाला.

पण सत्ताच हाती आली तर? १९७९ नंतर इराणमध्ये तेच झालं, आणि तराजू फिरला. जानेवारी १९८८ मध्ये इराणचे सर्वोच्च नेते आयतुल्ला खोमेनी यांनी लिहिलं की इस्लामी राज्याचं हित नमाज, रोजा आणि हजपेक्षाही वर आहे. त्याच वर्षी त्यासाठी 'मसलहत' ठरवणारी एक परिषद स्थापन झाली. ज्या नियमाने शास्त्री राजाला अडवत, तो नियम आता राज्याच्या हिताखाली आला. त्याच वर्षी तुरुंगांतल्या राजकीय कैद्यांना मोठ्या संख्येने फाशी देण्यात आलं. त्याला विरोध करणारे आयतुल्ला मुन्तझिरी हे खोमेनींचे नियोजित वारस होते. १९८९ च्या मार्चमध्ये त्यांचं वारसपद गेलं आणि पुढे काही वर्षं ते नजरकैदेत राहिले. त्यांचाही आधार फिक्हच होता.

शेवटी पुन्हा अंकाराला जाऊ. प्रतिफतवा देणाऱ्या रिफत एफेंदींना इस्तंबूलच्या सरकारने मृत्युदंड फर्मावला होता. केमाल जिंकले. १९२४ मध्ये खिलाफत बरखास्त झाली, म्हणजे ज्या खलिफाला सोडवायचं म्हणून तो फतवा होता, ते पदच उरलं नाही. नव्या प्रजासत्ताकाने धार्मिक व्यवहारांसाठी सरकारी खातं काढलं आणि त्याचे पहिले प्रमुख रिफत एफेंदी, म्हणजे रिफत बोरेकची, झाले. १९४१ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते त्या पदावर होते. १९३२ मध्ये अजान अरबीऐवजी तुर्की भाषेत द्यावी असा आदेश निघाला, तो त्यांच्याच खात्याकडून.